एसएसच्या ट्यूब टाकू का? नको!

भाऊ, एकदाच्या एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, ट्यूब टाकून मोकळा होऊ का? बॉयलर ओव्हरहॉलिंगला काढला की मला हा फोन ठरलेला. कधी डिचोलीकडचे काजूवाले, कधी हॉटेलची लाँड्री चालवणारे, कधी वेर्ण्याचा एखादा मेंटेनन्सवाला, ज्याच्या साहेबाने कुठेतरी ऐकलेलं असतं की स्टेनलेस घेतलं की गंजायची कटकटच मिटली. तर आधीच सांगतो, नको. महाग पडतं म्हणून नाही, ते तिथे चालतच नाही म्हणून.

स्टेनलेसचा 304 ग्रेड काय नि 316 काय, गरम पाणी, ताण आणि क्लोराइड (पाण्यातल्या मिठाचा अंश) हे तिघं एकत्र आले की ती ट्यूब गंजत नाही, तडकते. वरून चकचकीत दिसते आणि केसासारख्या चिरा आरपार गेलेल्या असतात. आणि आपल्याकडे किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी मे महिन्यात कसं लागतं ते जिभेवर घेऊन बघा. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर आहे ना, असं लगेच म्हणतील, पण सॉफ्टनर क्लोराइड काढत नाही हो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि सोडियम सोडतो, क्लोराइड होतं तेवढंच राहतं. त्यात हे स्टेनलेस गरम झाल्यावर साध्या पोलादाच्या दीडपट फुगतं आणि तुमची ट्यूब प्लेट, म्हणजे ट्यूबची टोकं जिच्यात बसवतात ती जाड पाटी, तर साध्या पोलादाची, म्हणजे बॉयलर चालू-बंद होताना टोकं ढिली व्हायची ती वेगळीच. एएसएमई सेक्शन 1 या अमेरिकन बॉयलर कोडमध्ये बॉयलरच्या पाण्यात भिजणाऱ्या भागांना हे स्टेनलेस मोजके अपवाद सोडले तर वापरायलाच देत नाहीत, ते उगाच नाही.

मग घ्यायचं काय? ते ठरतं धातू किती तापणार यावर, जाडीचा हिशेब त्यानंतर. आपल्याकडचे बरेचसे पॅकेज (कारखान्यातून जोडूनच येणारे) बॉयलर 10.54 केजी दाबाचे (हा विचित्र आकडा म्हणजे जुने 150 पीएसआय, बाकी काही नाही), तिथे वाफ साधारण 185 अंशांची. आतून आठ-नऊशे अंशांचा धूर जात असला तरी बाहेरून पाणी आहे तोवर ट्यूबचं पोलाद त्या पाण्याच्या आसपासच राहतं. साध्या कार्बन स्टीलला एवढ्याने काही होत नाही. सव्वाचारशे अंशांच्या वर वर्षानुवर्षं राहिलं तर त्यातल्या कार्बाइडचं ग्राफाइट व्हायला लागतं, तिथून पुढे क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची गोष्ट सुरू होते, म्हणजे टी11, टी22 हे ग्रेड, आणि ते लागतात वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरला. काजू उकडायच्या बॉयलरला टी22 चं कोटेशन देणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

अशा आतून धूर जाणाऱ्या स्मोक ट्यूबला बीएस 3059 हे ब्रिटिश स्टँडर्ड चालतं, नाहीतर एएसएमईचं एसए 192 किंवा एसए 210 ग्रेड ए1. बीएस 3059 मधले 320, 360, 440 हे आकडे म्हणजे किमान टेन्साइल (ओढून तुटायची ताकद), इतकं सोपं आहे. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं मात्र नाही, कारण टोक ट्यूब प्लेटमध्ये एक्सपांडर या हत्याराने फुलवायचं असतं आणि त्यासाठी पोलाद मऊच हवं. म्हणून तर एसए 192 ला हार्डनेस, म्हणजे कडकपणा, 137 ब्रिनेलच्या वर चालत नाही.

सीमलेसच (बिनजोडाचीच) ट्यूब पाहिजे हा हट्टही मला पटत नाही. कमी प्रेशरच्या स्मोक ट्यूबला बॉयलर क्वालिटीची ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून विजेने जोडलेली), म्हणजे एसए 178 किंवा बीएस 3059 चीच ईआरडब्ल्यू, बिनधास्त चालते, उलट तिची जाडी सगळीकडून सारखी असते, सीमलेस कधीकधी एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ निघते. फक्त बॉयलर क्वालिटी हे शब्द विसरू नका. हार्डवेअरच्या दुकानातला सी क्लास पाइप हा आयएस 1239 चा, तो प्लंबिंगचा माल आहे, जाड दिसतो म्हणून बॉयलरमध्ये घुसवायचा नाही.

आता कागद. ट्यूबवर रंगाने एक ओळ छापलेली असते, बनवणारा, स्टँडर्ड, ग्रेड, साइज, हीट नंबर (पोलादाच्या एका ओतीचा नंबर). बऱ्याच स्मोक ट्यूब 63.5 मिमीच्या असतात आणि जाडी 3.66 म्हणजे जुनी नऊ गेज, ती व्हर्नियर लावून बघा. मग तोच हीट नंबर आयबीआरच्या (भारतीय बॉयलर नियमांच्या) फॉर्म 3-बी सर्टिफिकेटवर आहे का ते बघा. एका सप्लायरने आमच्याकडे सर्टिफिकेट एका हीटचं आणि माल दुसऱ्याच हीटचा पाठवला होता, वर म्हणे सगळं एकच असतं हो. अख्खी गाडी परत पाठवली. झेरॉक्सवर तर विश्वास ठेवूच नका.

पण खरं सांगू का, पोलाद चुकीचं होतं म्हणून गेलेल्या ट्यूब मी फार कमी बघितल्यात. म्हणून जुनी ट्यूब भंगारात द्यायच्या आधी ती नीट बघा. पाण्याच्या बाजूने हातोडीचा हलका ठोका मारा, पांढरा थर खपलीसारखा निघेल. त्याखाली नख आत जाईल एवढे गोल खड्डे दिसले तर तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बॉयलरला पाणी देणारा फीड टँक थंड ठेवलाय, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) परत आणा, पाणी 85-90 अंशांपर्यंत गरम ठेवा, ऑक्सिजन मारणाऱ्या सल्फाइटचा डोस बघा. ट्यूब आतल्या बाजूला पिचकली असेल तर ती तापलीय, एकतर थर जाड झाला नाहीतर पाणी खाली गेलं होतं आणि कुणी बोललं नाही. आणि आतून डांबरासारखी काळी चिकट साय असेल तर ते जाळलेल्या काजूच्या टरफलातलं तेल, काजूवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेलं. त्याला ब्रश मारायचा, चिमणीचं तापमान वर चढायला लागलं की लगेच, रविवारची वाट बघत बसायचं नाही. यातल्या एकाही दुखण्यावर ग्रेड बदलणं हा इलाज नाही, तशाच पाण्यात नवीन ट्यूबलाही तसेच खड्डे पडणार.

एवढं करूनही ग्रेड बदलायचाच असेल तर आधी मंजूर ड्रॉइंग काढा, त्यात काय लिहिलंय ते वाचा आणि ट्यूब कापायच्या आधी पणजीला आल्तिनोवर इन्स्पेक्टरेट ऑफ फॅक्टरीज अँड बॉयलर्समध्ये जाऊन परवानगी घ्या. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 चा आला म्हणून हे सुटलं असं काहीजण सांगत फिरतायत, तसं काही नाही. आणि माल जूनच्या आधी मागवलात तर छपराखाली, लाकडाच्या ओंडक्यांवर, टोकांना प्लास्टिकच्या टोप्या लावून ठेवा, ताडपत्री टाकून अंगणात नको.