बोरीला चिन्ह नव्हतं

18 जानेवारी, रात्री साडेदहा

परवा नातवाचं बोरन्हाण. घरातून फर्मान निघालं की बोरं मेहरूणचीच हवीत. जळगावात, तेही मेहरूण तलावापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला हे काम किती सोपं! सकाळी सातला पिशवी घेऊन निघालो, साडेअकराला परत आलो. पिशवीत ओंजळभर बोरं.

बाजारात ॲपल बोरांचे ढीग होते. लहान पेरूएवढं फळ, रंग छान, चव पाण्याची. एका पाटीवालीला मेहरूणची आहेत का विचारलं, तर ती हसलीच. "आता कुठी भेटतीन भाऊ? तिथं त बंगले झाले." सूर असा, की मी आजच सकाळच्या गाडीने जळगावात उतरलोय.

तिला काय सांगणार, की त्यातल्या बऱ्याच बंगल्यांच्या रेघा मीच ओढल्या आहेत?

1984 साली एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, अमोनियाच्या प्रिंटा. अजून तो वास आला की डोळे चुरचुरतात. मेहरूण शिवारातला गट नंबर यायचा, त्यासोबत मोजणीचा नकाशा आणि सातबारा. पीकपाहणीच्या रकान्यात 'बोर' लिहिलेलं असायचं. मग 1:500च्या स्केलवर आधी रस्ते, त्यांच्या दोन्ही अंगाला प्लॉट, दहा टक्के ओपन स्पेस. फाइल मंजूर होऊन बिगरशेतीचा आदेश निघाला, की तो 'बोर' शब्द त्या रकान्यात पुन्हा कधी चढायचा नाही.

बागाच आधी का गेल्या, याचं उत्तर मला ऑफिसातच मिळालं. तलावाच्या बाजूची जमीन बरड, मुरमाड. कपाशीला ती नको, कपाशीला काळी लागते. बोरीला मात्र बरडच मानवते. मुळं खोल जातात, पाण्यावाचून तग धरते. आणि बांधकामालाही नेमकी तीच जमीन हवी असते. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, उन्हाळ्यात भुई फाटते, भिंतींना तडे जातात. मुरूम चार फुटांवर लागला की ठेकेदार खूश. म्हणजे बोरीने शंभर वर्षं जी जागा पसंत केली, तीच आम्ही केली. केळीच्या मळ्यांना पाण्याने आणि भावाने काही काळ वाचवलं, बोरीच्या मागे तसं कोणी नव्हतं. 2003 मध्ये महापालिका झाली, 2011च्या जनगणनेत शहर 4 लाख 60 हजारांवर गेलं. एवढी माणसं कुठेतरी राहणारच. माझं स्वतःचं घरही अशाच एका लेआउटमध्ये आहे, 1991 साली हप्त्यांवर घेतलेला प्लॉट. तेव्हा फार आनंद झाला होता, तो काही खोटा नव्हता.

आज मात्र तलावाच्या कडेने चालताना एक गोष्ट आठवली आणि पाय जड झाले. आमच्या नकाशात विहिरीला चिन्ह होतं. विजेच्या खांबाला होतं, नाल्याला तुटक रेघ होती. झाडाला नव्हतं. म्हणजे पुस्तकात असेल, आम्ही काढत नव्हतो. विहीर बुजवायची तर भराव लागतो, त्यात पैसा जातो, म्हणून ती दाखवायची. झाड कापायला पैसा लागत नाही, उलट सरपणवालाच पैसे देऊन नेतो. त्यामुळे ज्या गटात शंभर-सव्वाशे बोरी उभ्या असत, तो माझ्या टेबलावर कोरा कागद म्हणून यायचा. साइटवर गेलो तरच कळायचं. एकदा जानेवारीतच गेलो होतो. म्हातारा राखणदार माळ्यावर बसून दोरी ओढत होता, दोरीच्या टोकाला पत्र्याचा डबा, आणि डब्याच्या आवाजासरशी पोपटांचा अख्खा थवा उठला. मी टेप धरायला आलेला पोरगा. त्याने मला हाक मारून खिसाभर बोरं दिली. पातळ सालीची, लालसर पिवळी, आंबटपणाला जेमतेम शिवून गोड होणारी. चैत्र-वैशाखात आम्ही खुंट्या ठोकायला गेलो तेव्हा झाडं बोडकी दिसली. छाटणी झाली असेल असं वाटलं. उन्हाळ्यात बोरीची छाटणी करतातच. ती छाटणी नव्हती.

(आता प्रत्येक प्लॉटमध्ये बोर आहे, दोनशे-तीनशे फूट खोल. "बोर लागलं का?" असं शेजारी विचारतो तेव्हा तो पाण्याबद्दलच विचारतो.)

ती तुटक रेघही आम्ही जमेल तशी सरळ करायचो, प्लॉट चौकोनी बसावेत म्हणून. अंबरझरा तलावाकडून मेहरूण तलावाला पाणी आणणाऱ्या चारीला असे किती फुटके ओहोळ मिळत असतील, कोणी मोजले? एखाद्या पावसाळ्यात कुणाच्या तरी पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी शिरतं. लोक गटारीला शिव्या देतात. मी गप्प बसतो.

ओंजळभर बोरं मिळाली ती आप्पांकडून. शिरसोली रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांची बाग होती, आता कॉलनी आहे. त्यातले दोन प्लॉट त्यांनी स्वतःला ठेवले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस मला लांबूनच ओळखतो. "या ड्राफसमन साहेब. बोरं पाहिजेत ना? चला." कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये तिरप्या कोपऱ्यात एक बोर उभी आहे. आप्पा म्हणाले, "तुम्हीच त वाचवली."

वाचवली कसली! गट तिथे निमुळता होता, प्लॉट पडत नव्हता. न पडणारा तुकडा ओपन स्पेसला टाकायचा, हे सगळेच करतात. मी तसं सांगितलं. त्यांना काही फरक पडला नाही. काठीने फांदी वाकवून ते बोरं काढत राहिले, निम्मी पोपटांनी टोचलेली.

तेवढ्यात कॉलनीचे अध्यक्ष आले, तरुण मुलगा, बोलायला नम्र. ओपन स्पेसमध्ये मंदिर आणि पुढे पत्र्याची शेड करायची आहे. पावसात बायकांना भजनाला बसायला जागा नाही, आणि ते खरंच आहे. "काका, तुम्ही नकाशे काढायचे ना? एवढा काढून द्या. पैशांचं बघू." आप्पा काठी टेकून उभे होते, काही बोलले नाहीत.

हो म्हणून बसलो.

जेवण झाल्यावर माळ्यावरची जुनी गुंडाळी काढली. कागद पिवळा पडलाय, कडा तुटतात. शेड वीस बाय तीस मागितली आहे. आखून पाहिली, तर एक खांब बरोबर बोरीवर येतो. चार फूट सरकवला तर कंपाउंड आडवं येतं. शेड अठरा फुटांची केली तर जमतं, पण मग देवाच्या पुढ्यात खांब येतो, तो कोणाला चालणार नाही. आप्पांनी खोडाचा घेर किती सांगितला होता ते विसरलो. उद्या टेप घेऊन पुन्हा जावं लागेल.

बोरं धुऊन ठेवली आहेत. मोजली, एक्केचाळीस भरली. बाकी ॲपल बोरांचे तुकडे करून भर घालायची, असं घरात ठरलंय.