दोन सशांची सोयरीक

एका सशाला सोबत म्हणून दुसरा आणला की दोघांची आपोआप गट्टी जमते, असं ज्यांना वाटतं त्यांनी सशांना भांडताना पाहिलेलं नसतं. एरवी कोपऱ्यात पाय पसरून लोळणारा, आवाजसुद्धा न करणारा हा प्राणी आपल्या हद्दीत परका ससा दिसला की गुरगुरतो, झेपावतो आणि सरळ चावतो. आमच्या बंड्याला जोडीदारीण आणायची ठरली तेव्हा मी यावर बरंच वाचून ठेवलं होतं. खरं काम होतं ते घरच्यांना पटवण्याचं.

बंड्या पिल्लू असल्यापासून आमच्याकडे आहे आणि घरभर मोकळाच असतो. ससे पहाटे आणि संध्याकाळी अंगात आल्यासारखे हुंदडतात, दुपारभर झोपा काढतात. आमचं घरही दुपारी रिकामं आणि संध्याकाळी भरलेलं, त्यामुळे त्याचं आणि आमचं वेळापत्रक छान जुळलं होतं. मग लेकीचे क्लास वाढले, धाकटा खेळायला बाहेर जायला लागला, आणि संध्याकाळी बंड्या दाराशी बसून राहायला लागला. कंटाळला की सोफ्याची कड कुरतडायचा. पाळीव ससा ज्या युरोपातल्या रानसशापासून आला, तो बिळांत टोळीने राहणारा. त्याला माणूस चालतो, पण माणूस काही तासन्‌तास त्याचे कान चाटत बसत नाही.

म्हणून टिकली आली. करड्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, बंड्यापेक्षा आकाराने लहान आणि स्वभावाने दुप्पट. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "सोडा दोघांना एकत्र. चार दिवस भांडतील, मग राहतील गुण्यागोविंदाने. माणसांचं काय वेगळं असतं?" मी म्हटलं, "आई, माणसं एकमेकांचे कान तोडत नाहीत." त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आमच्या डॉक्टरांची अट मात्र स्पष्ट होती. आधी दोघांची नसबंदीची ऑपरेशनं, मग गाठीभेटी. बंड्याचं झालेलं होतं, टिकलीचं बाकी होतं. सशांची मादी साधारण महिनाभरात विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हा हिशोब सगळ्यांनाच कळतो. नराची नसबंदी झाल्यावरही ४ ते ६ आठवडे तो प्रजननक्षम असू शकतो, हे मात्र बऱ्याच जणांच्या गावी नसतं. माझ्या दृष्टीने मोठं कारण वेगळंच होतं. ऑपरेशन न केलेल्या माद्यांना गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार असतो. काही जातींत ४ वर्षांपुढच्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना तो झालेला आढळतो. हे ऐकल्यावर नवऱ्याचं "एवढंसं पोर, कशाला चिरफाड" हे पालुपद बंद झालं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून टिकलीला उपाशी ठेवायचं, असं आम्ही सगळे गृहीत धरून होतो. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे भूल देताना ती भीती नसते. उलट त्याचं आतडं थांबलं तर तेच जिवावर बेतू शकतं. तेव्हा शेवटपर्यंत गवत समोर, आणि शुद्धीवर आल्यावरही गवतच आधी समोर. घरी आणल्यावर आम्ही सगळे तिच्या लेंड्यांकडे डोळे लावून बसलो होतो. पहिल्या काही बारीक लेंड्या दिसल्या तेव्हा लेक "आजी, केली!" असं इतक्या जोरात ओरडली की बंड्याने दुसऱ्या खोलीतून मागचा पाय जमिनीवर आपटला. धोका दिसला की ससे असा पाय आपटून इशारा देतात. आमच्या घरात धोका म्हणजे बहुतेक वेळा लेकच असते.

जखम भरून अंगातली संप्रेरकं खाली यायला काही आठवडे जावे लागतात. तेवढ्या काळात दोघांना एकाच खोलीत, शेजारी-शेजारी कठडे लावून ठेवलं. दोन कठड्यांच्या मध्ये वीतभर जागा सोडली, कारण जाळीतून नाक किंवा पायाची बोटं चावली जातात. मग रोज अदलाबदल. तिच्या लिटर बॉक्समधला, म्हणजे शी-शूच्या खोक्यातला, थोडा कागदी भुसा त्याच्याकडे, त्याची गोधडी तिच्याकडे, आणि मधूनमधून दोघांचे कठडेच बदलायचे. सशाचं जग वासावर चालतं. परका वास हळूहळू ओळखीचा व्हावा, एवढाच उद्देश.

सुरुवातीला मात्र वासाने आगच लावली. वर्षानुवर्षं लिटर बॉक्समध्ये शहाण्यासारखा जाणारा बंड्या कठड्याच्या कडेने लेंड्यांची रांग मांडायला लागला. हद्द आखणं म्हणतात ते हेच. शिवाय दिसेल त्या वस्तूला हनुवटी घासायची, कारण हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. खुर्चीचा पाय माझा, धाकट्याचं दप्तर माझं, आजीची चप्पल माझी. साफसफाईवरून घरात जे वाद झाले ते इथे लिहीत नाही. ज्याने-त्याने आपापल्या घरात कल्पना करावी.

दोघंही जाळीपलीकडच्याकडे पाठ करून निवांत लोळायला लागले, तेव्हा पुढचं पाऊल टाकायचं ठरलं. पहिली समोरासमोर भेट अशा जागी घ्यावी लागते जी कुणाच्याच मालकीची नाही. बंड्याने घराचा कोपरान्‌कोपरा आपल्या नावावर करून घेतला होता. एकच खोली शिल्लक होती, सासूबाईंची. तिथे त्याला कायमची बंदी होती. खूप विनवण्या झाल्या, आणि शेवटी सासूबाईंनी परवानगी दिली ती एका अटीवर: त्या स्वतः पलंगावर बसून सगळं बघणार.

फरशीवर सशाचे पाय घसरतात आणि घसरलेला ससा घाबरतो, म्हणून सतरंजी अंथरली. गवताचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी, आणि आडोसा म्हणून दोन्ही बाजूंनी उघडी खोकी. एकच दार असलेलं खोकं ठेवलं की आत गेलेला ससा कोंडीत सापडतो आणि तिथेच मारामारी होते. मी हातात जाडे हातमोजे घातले, नवऱ्याकडे केरसुणी दिली. मारायला नाही, दोघांच्या मध्ये घालायला. भांडणाऱ्या सशांच्या मध्ये उघडा हात घालू नये, त्यांचे दात हाताला तेवढ्याच जोरात लागतात.

पहिल्या भेटीत काहीच झालं नाही. दोघं दोन कोपऱ्यांत बसून आपापलं तोंड धूत राहिले. लेक हिरमुसली, पण समोर परका असताना खाणं किंवा अंग चाटणं याचा अर्थ जनावर फारसं घाबरलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पहिल्या भेटीत आमचंही असंच होतं. हे खिडकीतून बाहेर बघत होते." मी तेवढ्यावर भेट आवरती घेतली. चांगलं चाललेलं असतानाच थांबवायचं, अजून दहा मिनिटं बघू म्हणायचं नाही, हा मला या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग वाटला.

पुढच्या भेटींत खरी नाटकं सुरू झाली. टिकली बंड्याच्या पाठीवर चढायची. मादी चढते, ऑपरेशन झालेली चढते, त्यात वरचढ कोण हे ठरवायचं असतं. धाकट्याने "आई, ती काय करतेय?" विचारलं तेव्हा मी "मोठं कोण ते ठरवतायत" असं उत्तर दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. थोडा वेळ चढू द्यायचं. मात्र उलट्या दिशेने, तोंडावर चढली तर ताबडतोब उतरवायचं, कारण खालचा ससा नाजूक जागी चावू शकतो.

हळूहळू सगळ्यांना अंगाची भाषा वाचता यायला लागली. शेपूट वर, कान मागे घट्ट चिकटलेले, मान पुढे ताणलेली, म्हणजे आता झेप. थोडा पाठलाग, थोडी केसांची ओढाओढ चालते. पण दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल वेगाने फिरायला लागले की पुढच्या क्षणी चेंडूसारखे एकमेकांत गुंततात, तेव्हा गोल सुरू व्हायच्या आतच केरसुणी मध्ये हवी. त्याचा अंदाज सर्वांत आधी सासूबाईंना यायचा. "हिचे कान बघ, हिचे कान!" असं पलंगावरून ऐकू आलं की नवरा पुढे सरसावायचा. 'चार दिवस भांडू द्या' म्हणणाऱ्या याच.

एकदा मात्र जुंपलीच. केसांचे झुपके उडाले. सोडवल्यावर मी दोघांचं अंग केस बाजूला सारून बोटाबोटाने तपासलं. सशाची कातडी पातळ असते आणि चावल्याची बारीक जखम दाट केसांत दिसत नाही. आत पू झाला तर तो इतका घट्ट असतो की सहज वाहून जात नाही. जखम नव्हती. पण आम्ही पुन्हा कठड्यांवर आलो, पुन्हा अदलाबदल, आणि घरात पडलेले चेहरे.

याच काळात नवऱ्याने कुठूनसा उपाय आणला: दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवून आणायचं, घाबरून एकमेकांना बिलगतात. करणारे करतात आणि काहींचं जमतंही, म्हणे. मला तो पटला नाही. भीतीने बिलगलेल्या जनावराला दोस्ती झाली म्हणायचं कशाच्या जोरावर? शिवाय जास्त ताण आला की सशाचं खाणं सुटतं, आणि सशाने १२ तास काही खाल्लं नाही तर तो थेट दवाखान्यात न्यायचा मामला असतो. मी नाही म्हटलं. दोन दिवस अबोला झाला. आमचा, सशांचा नव्हे.

नंतरचा अडसर भलताच होता. मारामारी थांबली आणि मानापमान सुरू झाला. सशांमध्ये जो स्वतःला वरचा समजतो तो दुसऱ्यासमोर डोकं खाली घालतो. नमस्कार म्हणून नव्हे, "चाट" म्हणून. हे दोघं समोरासमोर यायचे, दोघंही डोकं जमिनीला टेकवायचे आणि हनुवटी दुसऱ्याच्या हनुवटीखाली खुपसायचा प्रयत्न करत बसून राहायचे. कुणीच चाटायचं नाही. थोड्या वेळाने टिकली चिडून बंड्याला चिमटा काढायची. लेकीने वाचून एक युक्ती केली, बंड्याच्या कपाळाला कुस्करलेलं केळं बोटभर लावलं. टिकलीने ते सगळं चाटून पुसून घेतलं, बंड्याने सुखाने डोळे मिटले, आणि केळं संपल्यावर ती निघून गेली.

शेवटी नमलं कोण, तर आमचा बंड्या. एका संध्याकाळी तो बाजूने सरकत तिच्याजवळ गेला. सशांना नाकाच्या अगदी समोरचं दिसत नाही, त्यामुळे समोरून येणं त्यांना खपत नाही, एवढं त्याला कळलं असावं. त्याने तिच्या कानामागे एकदा चाटलं आणि लगेच मागे झाला. तिने काही केलं नाही. मग तो चाटतच राहिला. परतफेड व्हायला बराच काळ गेला, आणि आजही हिशोब बरोबरीचा नाही.

त्यानंतर भेटी लांबवत नेल्या. दोघांना रात्रभर एकत्र सोडण्याआधी निदान एक अख्खा दिवस आणि रात्र भांडणाशिवाय, कुणाच्या तरी नजरेखाली जायला हवी असं ठरवलं होतं. ती रात्र मी आणि लेक सासूबाईंच्या खोलीत सतरंजीवर झोपलो, सासूबाई वर पलंगावर. पहाटे ससे आमच्या अंगावरून उड्या मारत होते. मग दिवाणखान्यातली बंड्याची जुनी जागा सौम्य व्हिनेगरने पुसून काढली, लिटर बॉक्सची दिशा बदलली, सोफा हलवला. तरी तिथे पाऊल टाकताच त्याला आपली मालकी आठवली आणि थोडा पाठलाग झाला. पण तो तेवढ्यावरच निवला.

आता दोघं एकाच खोक्यात एकमेकांवर मान टाकून झोपतात, एकाच बॉक्समध्ये शेजारी बसून गवत चघळतात. दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे दिवसभर गवत चघळणं ही त्यांची चैन नव्हे, गरज आहे. दोघांपैकी एकाला डॉक्टरांकडे न्यायचं तर दुसराही सोबत जातो. एकाच्या अंगाला दवाखान्याचा वास लागला आणि दुसरा घरी राहिला, तर परत आल्यावर ओळख पटायची नाही आणि पहिल्यापासून सगळं करावं लागेल. दोघांची पेटी उचलताना खांदा भरून येतो.

एक अडचण मात्र दोन ससे झाल्यावरच कळली. एकटा बंड्या असताना सकाळी बॉक्स बघितला की तो रात्री नीट जेवला का ते समजायचं. आता लेंड्या कुणाच्या हे कसं ओळखणार? म्हणून सासूबाई रोज सकाळी दोन काड्या कोथिंबीर घेऊन खाली बसतात, एक याच्यासमोर, एक तिच्यासमोर. दोघांनी काडी ओढून घेतली की माझ्याकडे बघून मान हलवतात. एखाद्याने तोंड फिरवलं तर मी ऑफिसला उशीर होईल असा फोन करते.