स्टँडर्ड २००० च्या पार्टसाठी कोल्हापूर ते चेन्नई : पुदुपेटमध्ये एजंट घेऊ नका

गाडी गेल्या आठवड्यात चालू झाली, पण या ट्रिपचा राग अजून गेलेला नाही, म्हणून विसरायच्या आत लिहून काढतोय. स्टँडर्ड २००० असलेली माणसं तशी मोजकीच, पण जी आहेत त्यांना कधी ना कधी हा फेरा पडणारच. मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, "अहो मद्रासची गाडी, मद्रासला जावा, पोत्यानं पार्ट मिळतील." नाही मिळत. निदान ज्यासाठी मी गेलो होतो ते तर अजिबातच नाही.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची, १९८५ साली आली, बॉडी ब्रिटनच्या रोव्हर एसडी१ ची, म्हणजे १९७७ साली युरोपात कार ऑफ द इयर झालेली तीच. आत मात्र रोव्हरचं इंजिन नाही, स्टँडर्ड व्हॅनगार्डचं १९९१ सीसीचं, मूळ डिझाइन चाळीसच्या दशकातलं. गाडी जड, ॲव्हरेज कमी, किंमत जास्त, लोकांनी घेतली नाही आणि १९८८ ला सगळा खेळ आटोपला. कॉन्टेसावाल्याला, ११८एनईवाल्याला आजही कुठेतरी काहीतरी मिळतं. आपल्या गाडीचं नाव काढलं की दुकानदार आधी "हेराल्ड का?" विचारतो, म्हणजे स्टँडर्डचीच जुनी छोटी गाडी.

आमची गाडी मामांनी १९८६ मध्ये घेतलेली, आता माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, वर फेस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे हेड उतरवलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील, बऱ्यापैकी होतं. मिस्त्री म्हणाले, "मालक, पाणी लायनरच्या बुडातनं चेंबरमध्ये उतरतंय. वरचं गॅस्केट बदलून भागायचं नाही."

इथंच या इंजिनची गोम आहे. पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो ती नळी म्हणजे लायनर. हे लायनर वेट आहेत, म्हणजे बाहेरून थेट पाणी खेळतं, आणि ते ब्लॉकमध्ये खाली ज्या कडेवर बसतात तिथे पत्र्याचं पातळ, इंग्रजी आठच्या आकाराचं गॅस्केट असतं. दोन सिलिंडरला एक, अशी दोन. चाळीस वर्षांत ती गंजून जातात आणि पाणी सरळ ऑइलमध्ये. दिसायला चार बोटांचा पत्रा, पण तो नसेल तर गाडी म्हणजे अंगणातलं कपाट.

आधी जवळच शोधलं. पुण्यात नाना पेठ, रविवारचा जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याची भंगार लाइन, एकूण तीन दिवस. निकाल शून्य. मुंबई-पुण्यात २००० साठी जाऊच नका, पद्मिनीचं काही हवं असेल तर गोष्ट वेगळी.

मग कोल्हापूर ते बंगळूर रात्रीची बस आणि तिथून रेल्वेने चेन्नई. बंगळूरला जे. सी. रोडवर एक दिवस होतो, माणसं चांगली, जेवण चांगलं, वायपर मोटर मिळाली, त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता पुदुपेट, चेन्नईतला जुन्या पार्टचा बाजार. एग्मोर स्टेशनपासून चालत जाता येतं, कूम नदीच्या कडेने आत शिरलात की गल्ल्याच गल्ल्या, दारं, बंपर, गिअरबॉक्स, एक्सल छतापर्यंत रचलेले. मी मे महिन्यात गेलो, ते करू नका. सकाळी दहा वाजताच शर्ट अंगाला चिकटला होता आणि दुपारी एक ते तीन अक्षरशः काही सुचत नाही. जाड तळाचे बूट पाहिजेतच, जमिनीवर पत्र्याचे तुकडे आणि ऑइल आहे. पाणी दोन लिटर बरोबर ठेवा.

पहिल्या गल्लीच्या तोंडालाच एक जण भेटला. हिंदी चांगली बोलत होता, आणि तमिळ येत नसेल तर तिथे हिंदी ऐकून किती बरं वाटतं ते गेल्याशिवाय कळणार नाही. "स्टँडर्ड २००० ना सर? मालूम है, रोव्हर बॉडी, ट्रॅक्टर इंजिन." हे ऐकून मला वाटलं, भेटला आपला माणूस. दिवसाचे १,५०० ठरवले. त्याने दिवसभरात सहा-सात दुकानं फिरवली, प्रत्येक ठिकाणी आधी तो तमिळमध्ये बोलणार, मग दुकानदार माझ्याकडे बघून आकडा सांगणार. संध्याकाळपर्यंत माझ्या पिशवीत तीन गोष्टी होत्या. 'ओरिजिनल' हेड गॅस्केट ६,५०० ला, वॉटर पंपचं बेअरिंग २,८०० ला, आणि लायनरचे सील म्हणून रबरी ओ-रिंगचा सेट १,२०० ला.

रात्री लॉजवर पंख्याखाली बसून एकेक उघडलं. हेड गॅस्केटवर व्हर्नियर लावला. आमच्या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८३ मिमी, गॅस्केटचं भोक ८१ च्या आसपास, चारही भोकं थोडी थोडी वेगळी. म्हणजे कडा सिलिंडरच्या आत येऊन जळणार. भोकाभोवती धातूची रिंग असायला पाहिजे ती नव्हतीच, कडेला तंतू निघाले होते आणि एका बोल्टच्या भोकाशेजारी पेन्सिलची खूण तशीच राहिलेली. कुणीतरी शीट आणून, जुन्या गॅस्केटवरून गिरवून, हाताने कापलेला माल होता तो. आणि ओ-रिंग? ट्रॅक्टरच्या वेट लायनरला बसतात त्या. आपल्या लायनरला ओ-रिंगची खाचच नाही, ती घालणार कुठे?

हा 'ट्रॅक्टर इंजिन' शब्द आपल्याला खड्ड्यात घालतो. तो अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. याच घराण्याचं इंजिन जुन्या फर्गसन टीई-२० ट्रॅक्टरला होतं हे बरोबर. पण तो करड्या रंगाचा छोटा पेट्रोल ट्रॅक्टर, १९५६ साली बंद झालेला. दुकानदाराच्या डोक्यात असतो आपल्याकडे शेतात दिसणारा तीन सिलिंडरचा डिझेल मॅसी, त्याचा आणि आपला काही संबंध नाही. आणि खरा टीई-२० चा माल समोर आला तरी थांबा, त्यात बोअर ८० किंवा ८५ मिमी होता, पिस्टन-रिंगा आपल्या ८३ ला चालणार नाहीत. आपला खरा भाऊ म्हणजे ट्रायम्फ टीआर२ आणि टीआर३ या स्पोर्ट्स गाड्यांचं इंजिन, तेच १९९१ सीसी, बोअर ८३, स्ट्रोक ९२. हे एवढं मला घरून निघताना कुणी सांगितलं असतं तर चेन्नईचं तिकीट वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी एकटा गेलो. दुकान तेच, बेअरिंग तेच, फक्त बरोबर तो माणूस नाही. कागदावर बेअरिंगचा नंबर लिहून पुढे केला आणि बोटांनी विचारलं, एक पाहिजे, किती? दुकानातल्या मुलाने कॅल्क्युलेटरवर ९०० दाबले. आदल्या दिवशी २,८००. मी तिथेच उभं राहून पिशवीतलं बेअरिंग काढून दाखवलं, मालक आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि आत गेला. पैसे परत मिळाले नाहीत. गॅस्केटवाल्याने तर "इल्ले, इल्ले" (नाही, नाही) करून दुकानाच्या पायरीवरसुद्धा चढू दिलं नाही. मला पैशापेक्षा याचं जास्त लागलं की माणूस नऊशेहून जास्त किलोमीटरवरून एका जुन्या गाडीसाठी आलाय हे त्यांना दिसत होतं, आणि त्याच गोष्टीचा भाव लावला गेला. एजंट तुमच्याकडून घेतो आणि दुकानाकडूनही घेतो. भाषा येत नाही म्हणून एजंट घेऊ नका. मोबाईलमध्ये फोटो, जुना पार्ट हातात, वहीत माप आणि नंबर, एवढ्यावर पुदुपेटमध्ये सगळं चालतं, मी केलंय.

तिसऱ्या दिवशी माउंट रोडला लागून असलेल्या जी. पी. रोडवर गेलो, ही सरळ दुकानांची ओळ, भंगार नाही. तिथे एक म्हातारे काका भेटले, काउंटरवर बसून चष्मा कपाळावर. मी गाडीचं नाव घेतल्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं नाही. त्यांनी फोटो बघितला, पत्रे शोधतोयस का विचारलं, मी म्हटलं दाराचा पत्राही हवाय. तर म्हणाले, "ऑल वेंट टु इंग्लंड." आणि ही गोष्ट खरी आहे. कंपनी बुडाल्यावर उरलेले कोरे बॉडी पॅनल आणि बाकीचा स्टॉक ब्रिटनमधल्या रिमर ब्रदर्स या स्पेअर पार्टवाल्यांनी उचलला, आणि तिकडच्या एसडी१ वाल्यांना त्या मालाचा वर्षानुवर्षं आधार झाला. म्हणजे मद्रासला बनलेली दारं आणि बॉनेट बोटीने इंग्लंडला गेली आणि आपण ती पुदुपेटच्या उन्हात शोधतोय. वंडलूरच्या स्टँडर्डच्या जुन्या कारखान्याकडे जायचाही माझा विचार होता, काका म्हणाले, फुकट जाशील, रिक्षाचे पैसे वाचव. मी वाचवले.

त्याच काकांनी क्लच प्लेट नवीन लायनिंग लावून दिली, डिस्ट्रिब्युटर कॅप शोधून दिली, आणि मी मागितलेली नसताना मागच्या डाव्या टेल लॅम्पची काच पोत्यातून काढली. सगळ्याचे मिळून २,४००. भाव केला नाही, करावासा वाटलाच नाही. दुकानातून बाहेर आल्यावर मला इतका आनंद झाला की त्या भरात शेजारच्या दुकानातून गरज नसलेले दोन फॅन बेल्ट घेतले.

बाकी सगळं घरी आल्यावर जमलं, आणि खरं सांगायचं तर निघायच्या आधीच जमण्यासारखं होतं. टीआर३ च्या नावाने आठच्या आकाराची गॅस्केट आणि हेड गॅस्केट ब्रिटनमधून मागवली. मागवताना जुनं गॅस्केट कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवलं, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली आणि फोटो पाठवला, "माझ्याकडे टीआर३ नाही, या मापाशी जुळतंय का बघा" असं स्पष्ट लिहून. दोन दिवसांत उत्तर आलं. माल स्वस्त असतो, कुरियर आणि ड्युटी मिळून मालाच्या वर जातात, म्हणून एकच एक पार्ट मागवू नका, वर्षभराची यादी करा आणि एका पार्सलमध्ये आणा. पत्रा मात्र कुरियरने मागवू नका, दाराच्या पत्र्याचं भाडं ऐकून मी विषय सोडला.

बसवताना दोन गोष्टी कुणी चुकवू नका. हेड उतरलेलं असताना क्रँक फिरवायचा असेल तर आधी लायनर वरून पट्ट्या लावून दाबून ठेवा, नाहीतर पिस्टनबरोबर लायनर उचलतो, खालचं सील सुटतं आणि चांगलं असलेलंही गळायला लागतं. आमच्या पहिल्या मिस्त्रींनी ते केलं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्यांकडे गेलो. दुसरी, नवीन गॅस्केटवर लायनर बसवल्यावर तो ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) राहिला पाहिजे. सपाट आला किंवा खाली गेला तर हेड त्याला दाबणारच नाही. उद्यमनगरातल्याच या दुसऱ्या मिस्त्रींनी लायनरवर सपाट पट्टी आडवी धरली, खाली फीलर गेज सरकवत गेले, चार थाऊची पात जरा घासत गेली, पाचाची गेली नाही. चारही लायनर तसेच. त्यांनी पात पुसून डब्यात ठेवली आणि म्हणाले, "आता लावा हेड."

वॉटर पंपचं इंपेलर खाऊन गेलं होतं, ते जुन्यावरून इथेच करून घेतलं. असल्या कामाला कोल्हापूर सोडून कुठे जायची गरज नाही, ओतकाम आणि लेथ दोन्ही हाकेच्या अंतरावर. सांगली, इचलकरंजीकडच्यांनीही रबर, काच, पत्रा आणि गॅस्केट सोडून बाकी सगळं आधी इथे दाखवावं.

गाडी आजवर सहाशे किलोमीटर चालली, पन्हाळ्याचा घाट दोनदा चढली. काल सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली, ऑइल स्वच्छ मधासारखं. उजव्या टेल लॅम्पची काच मात्र अजून राहिली आहे, ती एसडी१ चीच बसते, पुढच्या पार्सलच्या यादीत पहिलं नाव तिचं.