आमची वाटचाल : रबाळ्याचा गाळा, पिचिया आणि एक शेजारी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात काम एकच चालतं. यीस्टकडून विषाणूंची प्रथिनं करून घ्यायची आणि लसीवर संशोधन करणाऱ्यांना ती शुद्ध करून द्यायची. 1986 साली अमेरिकेत यीस्टमधली हेपॅटायटिस बीची लस आली. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती आपल्याकडे स्वस्त केली. कोविडवरच्या कॉर्बेव्हॅक्स लसीचं प्रथिनही पिचिया या यीस्टमधलंच, आम्हीही तेच वापरतो. तरी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेत विचारलं, "म्हणजे बेकरी का?"

पहिला दहा लिटरचा फर्मेंटर, म्हणजे यीस्ट वाढवायची टाकी, एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातला. थंड ठेवणारं पाण्याचं जॅकेट गळायचं, पण ॲजिटेटर, म्हणजे ढवळणारा पंखा, काय होता! पिचियाला प्रथिन करायला लावण्यासाठी मिथेनॉल देतात; त्यावर आली की ती ऑक्सिजन अक्षरशः ओढते आणि तापतेही भरपूर, तेव्हा तोच कामी आला. अजून विकलेला नाही, विकणारही नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग आमच्याच हाताखाली शिकलेल्या एकाने दोन गल्ल्या सोडून गाळा घेतला आणि निम्म्या दराची कोटेशनं वाटली. ग्राहक एकेक करून गेले. फर्मेंटर कोरडा, ठाण्याचा फ्लॅट गहाण, आणि दिवाळीला त्याची मिठाई आमच्याच दारात!

टिकल्या त्या पुण्याच्या मॅडम. त्यांनी दोघांचं हेपॅटायटिस बीचं प्रथिन शेजारीशेजारी तपासलं. प्रथिनं आकारमानाने वेगळी करणाऱ्या जेलवर दोन्ही पट्ट्या 24 किलोडाल्टन वजनाला, अगदी सारख्या. पण जेलमध्ये प्रथिनाच्या साखळीची लांबी कळते, साखळ्या एकत्र येऊन लसीला लागणारा कण जमलाय की नाही ते कळत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आमचे 22 नॅनोमीटरचे गोल कण सुटे सुटे दिसले, त्याचे नुसते गोळे. प्रतिपिंडं प्रथिनाला ओळखतात का हे पाहणाऱ्या एलायझा चाचणीतही त्याचा नमुना जेमतेम उठला. घाई कुठे केली असेल याचा मला अंदाज आहे, पण सांगणार नाही. मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "पुढची बॅच कधी देताय?"

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, यीस्टचं आधीचं खाद्य असलेलं ग्लिसरॉल पुरतं संपून डीओ (द्रवात विरघळलेला ऑक्सिजन) उसळल्याशिवाय मिथेनॉल सोडू नका, आणि सोडाल तेव्हा तान्ह्याला पाजावं तसं थेंबाथेंबाने. डीओ मोजणाऱ्या प्रोबच्या मेम्ब्रेनवर (पातळ पडद्यावर) पैसे वाचवू नका. सेल बँकेच्या, म्हणजे मूळ यीस्टच्या गोठवलेल्या साठ्याच्या, कुप्या दोन वेगळ्या उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा, दोन्ही एकाच फेजवर नकोत.

फ्लॅट सुटला. शेजारी अजून आहे. त्याच्या माहितीपत्रकात हल्ली 'प्रदीर्घ अनुभव' असं ठळक छापलेलं असतं. त्यातली बरीच वर्षं आमच्या मस्टरवर आहेत.