काउंटरवर वय विचारणारा माणूस

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक पानठेला आहे. ठेल्याला बोर्ड लावलाय, १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय अपराध आहे, ऊन खाऊन खाऊन अक्षरं फिकी पडलीत पण वाचता येतात. परवा संध्याकाळी त्याच बोर्डाखाली नववीतला वाटावा असा एक पोट्टा उभा होता, पाठीवर ट्यूशनची बॅग, दोन सिगारेटी घेतल्या, पैसे दिले, गेला. ठेलेवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं सुद्धा नाही. कायदा २००३ चा आहे, म्हणजे त्या पोट्ट्याच्या जन्माच्याही आधीचा.

हे डोक्यात बसलं कारण घरी त्याच वेळी वेगळं प्रकरण चालू होतं. भाचा अमरावतीहून सुट्टीत आलाय, सहावी संपली, आणि सध्या नागपूरच्या उन्हात अकरा ते सहा बाहेर पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे पोरगं दिवसभर कूलरसमोर माझ्या कॉम्प्युटरवर. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, जीटीए घेऊन द्या ना, वर्गातले सगळे खेळून राहिले." जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, गाड्या चोरायची आणि मारामारीची मोठ्यांची गेम. मी गेमचं पान उघडलं तर आधी जन्मतारीख विचारतात. मी काही टाकायच्या आत त्याने माउस घेतला, वर्ष १९९० निवडलं आणि पान उघडलं पण. मी विचारलं हे काय रे, तर म्हणतो, "असंच करतात मामा." खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही नव्हतं, दार ढकलून आत जावं तसं.

मला रागवता आलं नाही. सांगतो काऊन ते.

२००७-०८ च्या सुमारास मी कॉलेजात होतो, चुलतभावाचं बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, सीडी-डीव्हीडीचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा, आणि दादा जेवायला गेला की दुपारी मी बसायचो. सगळ्यात जास्त खपायच्या त्या गेमच्या डीव्हीड्या, आणि गेममध्ये सगळ्यात जास्त जीटीएचेच भाग, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास. कव्हरच्या कोपऱ्यात छोटा चौकोन असायचा, त्यात मोठा एम नाहीतर १८ चा आकडा. इतके दिवस तिथे बसलो, त्या चौकोनाबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मी पण कोणाला सांगितलं नाही. एक दिवस एक काकू आल्या, सोबत मुलगा, पाचवीत असेल फार तर, बक्षीस द्यायचं होतं त्याला कशाचं तरी. त्यांनी डीव्हीडी उलटीपालटी करून पाहिली आणि मला विचारलं, "भाऊ, ह्यात वाईट काही नाही ना?" मी म्हणालो, "नाही काकू, गाड्या चालवायची गेम आहे." मला पूर्ण माहिती होतं त्यात काय आहे, मी स्वतः संपवली होती ती गेम. काकूंनी विश्वासाने पैसे दिले. त्या बाईंचा चेहरा आता आठवत नाही पण तो प्रश्न शब्दन् शब्द आठवतो, आणि माझं उत्तर पण.

म्हणून अल्पवयीन मुलांना असल्या गेम विकण्याबद्दल बाहेरच्या देशांत काय कायदे झाले ते मी गेले पंधरा दिवस बसून वाचत होतो. सगळ्यात जास्त भांडण अमेरिकेत झालंय. १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, मॉर्टल कॉम्बॅट नावाच्या मारामारीच्या गेमवरून, ज्यात जिंकणारा हरलेल्याचं काळीज उपसून काढतो वगैरे. सरकार कायदा करेल ह्या धाकाने गेम कंपन्यांनी १९९४ मध्ये स्वतःच एक मंडळ काढलं, ईएसआरबी, आणि कव्हरवर वयाचे शिक्के सुरू केले. तो एम तिथलाच, म्हणजे १७ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. पण हे सगळं ऐच्छिक. दुकानदाराने दहा वर्षांच्या पोराला एमवाली गेम विकली तर पोलीस येणार नाहीत.

मग २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. लेलँड यी नावाच्या आमदाराने आणला आणि गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर, त्यांनी सही केली. अतिहिंसक गेम १८ च्या खालच्याला विकली किंवा भाड्याने दिली तर १००० डॉलरपर्यंत दंड, आणि डब्यावर ठळक १८ चा आकडा छापायचा. आईबापांनी स्वतः घेऊन दिली तर चालेल. मला तर वाचताना वाटलं, बरोबरच आहे की, ह्यात काय चुकीचं. पण कंपन्या कोर्टात गेल्या, कायदा एक दिवससुद्धा लागू झाला नाही, आणि २७ जून २०११ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्दच केला.

निकाल जस्टिस स्कालिया यांनी लिहिला. त्यांचं म्हणणं, व्हिडिओ गेम हे पण पुस्तकासारखं, नाटकासारखं अभिव्यक्तीचं माध्यम आहे, आणि लहान मुलांना कोणत्या कल्पना दिसाव्या, कोणत्या दिसू नये हे ठरवायचा मोकाट अधिकार सरकारला नाही. हिंसाच म्हणाल तर ग्रिमच्या परीकथा पाहा, हान्सेल आणि ग्रेटेल त्या चेटकिणीला भट्टीत ढकलून मारतात, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात. हे वाचून मी जरा थांबलो. आपल्याकडे पण काय वेगळं आहे? माझ्या आजीने मला नरसिंहाची गोष्ट सांगितली तेव्हा मी पाच वर्षांचा असेन, उंबरठ्यावर मांडीवर घेऊन पोट फाडलं हे ती हाताने करून दाखवायची. दुःशासनाचं रक्त पिणारा भीम कीर्तनात ऐकलाय, रात्री अकरा वाजता, शेजारी आई बसलेली. त्यातून आमचं काही बिघडलं नाही. संशोधनाबद्दल पण कोर्टाने हेच म्हटलं की हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात हे त्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, फार तर थोडा संबंध दिसतो, आणि तेवढा तर कार्टून पाहून पण दिसतो.

पण दोन न्यायाधीश विरोधात होते. एक जस्टिस थॉमस. दुसरे जस्टिस ब्रायर, आणि त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जात नाहीये. तेरा वर्षांच्या पोराला नग्न बाईचा फोटो असलेलं मासिक विकायला कायद्याने बंदी, ते तिथे चालतं, आणि ज्या गेममध्ये तोच पोरगा त्या बाईला बांधतो, तोंडात बोळा कोंबतो, छळतो आणि मारतो, ती त्याला विकायचं संरक्षण, हे कसं काय? मला विचाराल तर फरक इथेच आहे. आजीच्या गोष्टीत पोट नरसिंह फाडतो आणि सांगते आजी, आणि मी घाबरलो की आजी थांबायची. गेममध्ये बटण पोराच्या अंगठ्याखाली असतं आणि दुपारी दोन वाजता घरातले सगळे झोपलेले असतात. पोरगं गुन्हेगार होईल असं माझं म्हणणं नाही, अजिबात नाही, मी स्वतः ते सगळं खेळून आज बँकेचे हप्ते भरणारा साधा माणूस आहे. पण बारा वर्षांच्या पोराने ते एकट्याने पाहावं का, हे घरातल्या मोठ्या माणसाने ठरवायला पाहिजे, आणि ठरवायचं तर आधी त्याला माहिती पाहिजे ना की आत काय आहे.

आता ह्यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती. कायदा पडला, तरी तिथल्या दुकानात पोरांना एमवाली गेम मिळणं जवळजवळ बंद झालं होतं. तिथे फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी संस्था आहे, ती १३ ते १६ वर्षांची मुलं एकटीच दुकानात पाठवायची, गिऱ्हाईक म्हणून, मिळते का बघ म्हणून. २००० साली शंभरातल्या ८५ मुलांना गेम मिळाली. २०११ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत तो आकडा १३ वर आला. त्याच पाहणीत मोठ्यांच्या सिनेमाचं तिकीट ३३ टक्के मुलांना मिळालं आणि तसल्या गाण्यांची सीडी ६४ टक्के मुलांना, म्हणजे गेमची दुकानं सगळ्यात कडक निघाली. दंड नाही, तुरुंग नाही. फक्त काउंटरवरच्या माणसाला शिकवलं की विचारायचं, ओळखपत्र मागायचं, आणि कोणी तपासायला आलं तर निकाल दुकानाच्या नावासकट छापून येणार हे त्याला माहिती. इकडे आमच्या ठेल्यावर कायदा, दंड, बोर्ड सगळं आहे, पण त्या पोट्ट्याला वय विचारणारं कोणी नाही.

कायद्याने होतच नाही असं पण नाही म्हणा. ब्रिटनमध्ये ३० जुलै २०१२ पासून कव्हरवरचा पेगीचा, म्हणजे युरोपातल्या गेमच्या वयाच्या शिक्क्यांचा, १२, १६, १८ चा आकडा कायद्याने बांधील आहे, त्याखालच्या वयाच्या मुलाला गेम विकली तर दुकानदारावर गुन्हा. जर्मनीत तर हे २००३ पासून आहे. कोरियाने १६ च्या खालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केल्या होत्या, दहा वर्षांनी तो कायदा काढून टाकायचं ठरवलं.

आणि आपण? आपल्याकडे सिनेमाला वयाचं सर्टिफिकेट लागतं, ओटीटीवर २०२१ पासून १३+, १६+ असे आकडे टाकावे लागतात, गेमला सिनेमासारखं सर्टिफिकेट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या गेमांवर बंदी आली, ते चांगलंच झालं, पण तो प्रश्न पैशाचा होता. गेमच्या आत काय दाखवतात हा प्रश्न तिथेच राहिला. मोबाइलच्या ॲपखाली जो ३+, ७+, १२+ असा आकडा दिसतो तो गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून पडतो, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही आईबापाने तो पाहून काही ठरवल्याचं मला आठवत नाही.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली, नागपूरकर म्हणून मला फार भारी वाटली. सिनेमाला वयानुसार सर्टिफिकेट देणं घटनेत बसतं हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये ठरवलं, सिनेमा दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात, आणि तो निकाल लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. हे आपल्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर हायकोर्टात वकिली केलेली आणि पुढे तिथलेच मुख्य न्यायाधीश झालेले. त्यांनी लिहिलं की पुस्तक वाचून किंवा चित्र पाहून माणूस जितका हलतो त्यापेक्षा सिनेमा पाहून जास्त हलतो, म्हणून सिनेमाला वेगळा नियम लावणं योग्य आहे. ५५ वर्षं झाली. नुसतं पाहण्याबद्दल जर हे म्हटलं होतं तर जिथे पोरगं स्वतः हात चालवतं त्याबद्दल काहीच नियम नको? मॉरिस कॉलेजवरून मी रोज ऑफिसला जातो, आता तिथून जाताना हे आठवतं.

मला बंदी नकोय. मोठ्यांना काय खेळायचं ते खेळू द्या, पोरांना तर शिक्षा नकोच नको. मला पाहिजे ते एवढंच की विकणाऱ्याने, मग ते बर्डीवरचं दुकान असो की मोबाइलमधलं, १८ वाली गेम पोराच्या हातात द्यायच्या आधी घरच्या मोठ्या माणसाला विचारलं पाहिजे आणि आत काय आहे ते मराठीत, साध्या शब्दांत सांगितलं पाहिजे, रक्त आहे, शिव्या आहेत, बायकांना मारणं आहे, जे असेल ते. जन्मतारखेचा तो खोटा रकाना म्हणजे विचारणं नव्हे.

आणि हे जमतं. धरमपेठच्या बाजूला एक गेमिंग कॅफे आहे, मी मुद्दाम जाऊन आलो. मालक पंचविशीतला असेल. त्याला विचारलं, लहान पोरं येतात का? म्हणाला, "येतात ना भाऊ. शाळेच्या ड्रेसवर आला तर मी बसवतच नाही, आणि गोळ्यावाली गेम लावायची तर घरच्यांना फोन लावून दे म्हणतो. गिऱ्हाईक जाते, जाऊ द्या. माझी पण लहान बहीण आहे." कोणत्याच कायद्याने त्याला हे सांगितलेलं नाही. मी बराच वेळ त्याच्याशी बोलत बसलो.

त्या रात्री बहिणीला फोन केला. भाचा आतल्या खोलीत होता. तिने विचारलं, "तो दोन दिवस मागे लागलाय रे, ह्यात असतं काय नेमकं?" मी सगळं सांगितलं, काही न गाळता, गाड्या चोरणं, पोलिसांना मारणं, बायका, दारू, आणि हे पण सांगितलं की गेम म्हणून ती जबरदस्त बनवलेली आहे, शहर असं उभं केलंय की पाहत राहावं. अर्धा तास बोललो. ती म्हणाली, दहावीनंतर बघू, तोपर्यंत त्याला ती फुटबॉलवाली घेऊन दे, आणि नाही का म्हटलं ते मी स्वतः त्याला सांगते, दे त्याला फोन.

भाच्याने फोन घेतला, "हो आई, हो आई" केलं आणि मला फोन परत दिला. सकाळी तर्री-पोहे आणले तर खाल्ले, पण माझ्याशी अजून बोलत नाहीये. फुटबॉलची गेम डाउनलोड होऊन राहिली, साठ टक्के झाली, दर पाच मिनिटांनी येऊन बघून जातो.