राग दोनशे मीटर पुरतो

मी भरती करते. आमच्या माण तालुक्यात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसली की ती पोलीस भरतीवाली, हे ठरलेलंच. पण २०२२ साली मी सुरुवात केली तेव्हा आमच्या गावातून पळणारी पोरगी मी एकटीच होते. पहिल्याच आठवड्यात पारावरच्या एका आजोबांनी वडिलांना विचारलं, “काय रं, पोरगी पळाली म्हणं तुझी?” सगळा पार हसला. वडीलही हसले, पण घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्या हसण्यावर मी सहा महिने पळाले.

तालुक्याच्या गावी एक अकॅडमी लावली होती. तिथं वॉर्मअपच्या आधी दहा मिनिटं सरांचं भाषण असायचं. घरची परिस्थिती आठवा, आईच्या पायातली फाटकी चप्पल आठवा. माझ्या आईची चप्पल चांगली होती, दिवाळीलाच घेतलेली, तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. रात्री अंथरुणात पडून खाकी वर्दीची रील बघायची, मागं ते ढोलबडवं संगीत. साडेअकरापर्यंत अंगात नुसता जाळ, आणि साडेचारच्या गजराला डोळा उघडायचा नाही.

जानेवारी २०२३ मध्ये पहिलं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, दिलं. मुलींना ८०० मीटरचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि चार किलोच्या गोळ्याचे १५. आठशेत आउट ऑफ, म्हणजे पूर्ण वीस, पाहिजे तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यायचं. शिट्टी झाली आणि मी पारावरची सगळी तोंडं डोळ्यांसमोर आणून सुटले. अर्धा राउंड सगळ्यांच्या पुढं. दुसऱ्या राउंडला पाय जाम झाले, मांड्यांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं, आणि मागच्या पोरी एकेक करून निघून गेल्या. टायमिंग ३.२४. पेपरला बोलावलेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

सर म्हणाले, तुझ्यात जिद्दच कमी पडली. मी ते खरं मानलं. मग जिद्द वाढवायची म्हणून रोज फुल स्पीडनं पळायला लागले, ते नडगी दुखून जिना उतरता येईना तोवर. तीन आठवडे घरी बसले. त्या रिकामपणात चुलतभावाच्या मोबाइलमधला जुना हिशोब हाती लागला. आमच्या शाळेच्या मैदानावर टेप धरून फक्कीनं २०० मीटरचा गोल आखलाय. त्यावर मी सरावाला आठशे मारायचे तेव्हा तो प्रत्येक फेरीची वेळ टिपून ठेवायचा. एका दिवशीचे आकडे असे: ३६, ४४, ५६, ६६ सेकंद. बाकीचे दिवसही थोड्याफार फरकानं तसेच.

यात जिद्द कमी कुठं दिसते? पहिल्या फेरीत तर ती उतू चाललीय. २.५० साठी प्रत्येक दोनशे साडेबेचाळीस सेकंदांत जायला पाहिजे. मी साडेसहा सेकंद आधीच उधळून बसत होते, आणि तेच पुढच्या फेऱ्यांत दामदुपटीनं फेडत होते. राग आला की माणूस जोरात सुटणारच. राग दोनशे मीटर पुरतो, आणि आठशेमध्ये दोनशे चार असतात.

अकॅडमीच्या भिंतीवर धावपटू ललिता बाबरचा फोटो होता. तिचं गाव मोही आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं भाषणात तिचं नाव रोज यायचं: ती रिओला पोचली, तुम्ही का नाही? मी त्या दिवसांत वहीवर वेगळंच गणित मांडलं. २०१६ च्या त्या ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत तिनं ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं २२ सेकंदांत संपवलं. म्हणजे दोनशेच्या पंधरा फेऱ्या, प्रत्येक साधारण साडेसदतीस सेकंदांत. तीही अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी सांभाळून. फोटो बघून मला नुसतं रडू यायचं. हा आकडा बघून पहिल्यांदा पळायची उत्सुकता वाटली. माणूस हे करतो तरी कसं?

अकॅडमी सोडली. फी वाचली हेही खरंच. मंगळवारी आणि शुक्रवारी दोनशेच्या आठ फेऱ्या, मध्ये दीड मिनिट चालायचं, आणि एकही फेरी बेचाळीसच्या आत नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण स्वतःला अडवायची सवयच नव्हती. बाकीचे दिवस बोलत बोलत पळता येईल इतकं हळू. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मैदानावर जायचं, पण चालून परत यायचं. वहीत फक्त झोप किती झाली आणि फेऱ्या कितीच्या गेल्या एवढंच लिहायचं. मेरिट, जागा, कटऑफ यातलं काही लिहायचं नाही.

राग मी टाकून दिला असं मात्र नाही. गोळ्याला तो चांगला लागतो. पारावरचे आजोबा आठवून ओरडून फेकला की सहा मीटरच्या रेषेजवळ जायचा. शंभर मीटरलाही चालतो, चौदा-पंधरा सेकंदांत विझायला त्याला वेळच मिळत नाही.

आणि अकरावीतली एक शेजारीण. तिची आई म्हणाली, ताई असेल तरच जायचं. म्हणजे मी सव्वापाचला मारुतीच्या देवळापाशी नाही गेले तर तिचाही सराव बुडणार. हिवाळ्यात मला गोधडीतून बाहेर काढायचं काम एवढ्या एका गोष्टीनं केलं. मोबाइल रात्री चुलीच्या खोलीत ठेवायला लागले, तेही तिनं मला झोपाळलेली बघून टोमणा मारला म्हणून.

२०२४ ला भरती निघाली. माझी तारीख पावसानं आठ दिवस पुढं गेली. आधीची मी असते तर त्या आठवड्यात वेडी झाले असते. आता आणखी एक हलका आठवडा मिळाला, एवढंच वाटलं. ग्राउंडवर शिट्टीनंतर बहुतेक पोरी माझ्या पुढं गेल्या आणि मी मनात आकडे मोजत राहिले. तिसऱ्या दोनशेपासून त्याच पोरी एकेक करून मागं पडायला लागल्या. २.४९. एका सेकंदानं आउट ऑफ.

पेपर दिला. मेरिट माझ्यापेक्षा दोन गुणांनी वर थांबलं.

तीन दिवस मी बाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी पहाटे दाराची कडी वाजली. बाहेर ती शेजारीण उभी, हातात माझी वही. मी मैदानावरच विसरले होते.

“ताई, आज मंगळवार हाय.”

आम्ही आठ फेऱ्या मारल्या. शेवटची एकेचाळीसात गेली, तर तिनं मला ओरडा दिला.