फणीकरंड्याची पेटी, अपडेट ५ : झाकण एकदाचं सुटलं!

मंडळी, झाकण उघडलं! आज सकाळी साडेसहाला, चहाचं आधण ठेवायच्याही आधी कपाटातून पेटी काढली, दोन्ही अंगठे झाकणाच्या कडेखाली घातले आणि हळूच वर केलं, तर ना कसला आवाज ना ओढ, पूर्वी आजी उघडायची तसं अलगद वर आलं. कितीतरी दिवस गेले या एका गोष्टीसाठी. मी तिथेच कपाटासमोर बसून चार वेळा उघडबंद केलं आणि मग चहा टाकला.

मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की व्हार्निशचा सहावा कोट झाला, परवा फोटो टाकते. त्यानंतर फोटो आला नाही, काही जणींनी मेसेज करून विचारलंत पण, उत्तर द्यायची इच्छाच होत नव्हती. तर झालं काय ते आता सगळं सांगते.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. पेटी आजीची, सागवानी, आतल्या बाजूला झाकणाला आरसा, खाली फणी, करंडा, मेण ठेवायचे कप्पे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा ती खालच्या फळीपर्यंत चिखलात होती. तळाची फळी बदलली, बाहेरचं पॉलिश पार गेलेलं होतं म्हणून बाहेरून कागद लावायचा ठरवला, आणि कागद म्हणजे आजीच्याच एका खणाच्या चोळीचा स्कॅन. इंकजेटवर काढलेल्या प्रिंटचा लाल रंग गोंद लागल्याबरोबर सुटला होता ते तुम्हाला आठवत असेलच. लेझर प्रिंटने तो प्रश्न संपला, टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकच असतं, पाण्याने हलत नाही. पण साधा ७५ जीएसएमचा कागद कोपऱ्यावर वळत नव्हता म्हणून प्रिंटच्या पुढून व्हार्निशचे दोन हात देऊन, वाळल्यावर मागून ओल्या बोटाने चोळून चोळून लगदा काढला. या कामाला एका बाजूला दीड तास लागतो पण त्यानंतर तो कागद कागद राहत नाही, कापडासारखा लाकडावर बसतो, बुट्टीवर बोट फिरवलं तर कड लागत नाही. हे काम माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच पुढे जे झालं ते फार लागलं. सहावा कोट देऊन तीन दिवस पेटी उघडी ठेवली, हाताला कोरडी लागली, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायला गेले तर उघडेना. जरा जोर लावला आणि चर्रर्र असा आवाज आला. उजव्या कोपऱ्याजवळ पेटीच्या काठावरचा रुपयाएवढा तुकडा, बुट्टीसकट, निघून झाकणाच्या खालच्या बाजूला चिकटला होता, आणि त्याच्याखाली कागदाआधी लाकडावर मारलेला पांढरा प्रायमर आणि त्यातून वर आलेला सागाचा पिवळा डाग. मी तो तुकडा तसाच बघत बसले, सोडवायलाही गेले नाही.

पहिल्यांदा वाटलं अजून वाळलं नसेल, आणि ते अर्धं खरंच होतं. पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक व्हार्निश म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे बारीक कण. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून त्यांची एकसंध कातडी होते. वरून कोरडं लागतं तेव्हा ही कातडी नुकती धरलेली असते, आत ओल असतेच. उन्हाळ्यात हे खपून जातं. आमच्याकडे त्या आठवड्यात ह्युमिडिटी मीटर ९२ दाखवत होता आणि मी दोन दिवसांत सहा कोट मारले होते, म्हणजे खालच्या कोटातलं पाणी वरच्या कोटांनी कोंडून ठेवलं. शिवाय नीट सुकलेली अ‍ॅक्रिलिकची फिल्मसुद्धा थोडी मऊच असते, तशाच दुसऱ्या फिल्मवर दाबून ठेवली की दोघी एकमेकींना धरतात. बरणीवर, ट्रेवर, किटलीवर हा प्रश्न येतच नाही कारण तिथे दोन रंगवलेले भाग एकमेकांवर टेकत नाहीत. झाकणाच्या वस्तूलाच येतो. मी याआधी झाकणवालं काहीच केलं नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. टाल्कम पावडर लावली, दोन दिवस बरं चाललं, मग ओल धरून तिची राखाडी पेस्ट झाली आणि लाल काठावर ती फार वाईट दिसते. बटर पेपरची पट्टी मध्ये घातली तर बटर पेपरच चिकटला. मेणबत्ती घासली, त्याने झाकण सुटतं, हे मान्य, पण एकदा मेण लागलं की त्यावर पुढे व्हार्निश, रंग, काहीच धरत नाही, आणि अजून दुरुस्ती बाकी होती म्हणून ते सगळं खरवडून काढावं लागलं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘नॉन स्टिकी टॉप कोट’ असं लिहिलेली बाटली मागवली, तिचा तर वास, रंग, घट्टपणा सगळं साध्या पांढऱ्या गोंदात पाणी घातल्यासारखं होतं आणि वाळल्यावर बोट लावलं की ठसा उठत होता. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, कितीही रिव्ह्यू असले तरी.

आठव्या की नवव्या दिवशी भांडी लावताना एकदम सावंतवाडी आठवली. दोन वर्षांपूर्वी राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघितल्या होत्या, दशावतारी, १२० पत्त्यांचा संच, गोल पत्ते एकावर एक रचून छोट्या रंगवलेल्या पेटीत ठेवलेले. तेव्हा मी फक्त रंगांकडे बघत होते. आता वाटलं, अरे, हे पत्ते म्हणजे तरी काय, कागदावर चिंचोक्याची खळ, त्यावर रंग, त्यावर लाख. आणि ते एकमेकांवर दाबून ठेवलेले असतात, तेही कोकणात, पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढून! ते नाही चिकटत. मग माझी पेटी का चिकटावी? हात पुसून लगेच वहीत लिहून ठेवलं, काठाला लाख.

पण आता पेटीवर थेट काही करायची हिंमत नव्हती. प्लायच्या दहा पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर उरलेला खणाचा कागद लावला, आणि पाच जोड्या केल्या. एकीवर फक्त अ‍ॅक्रिलिक, एकीवर अ‍ॅक्रिलिकवर पावडर, एका जोडीत दोन्हीकडे लाख, एका जोडीत एकीकडे लाख एकीकडे अ‍ॅक्रिलिक, आणि शेवटच्या जोडीत एका पट्टीवर कागद वगैरे सगळं काढून नुसत्या लाकडावर लाख आणि समोर पण तसंच. चार दिवस वाळवून तोंडाला तोंड लावून वर पाटा ठेवला आणि रात्रभर सोडलं. सकाळी पहिली जोडी सुरीने काढावी लागली. पावडरवाली निघाली पण डागाळलेली. लाख-अ‍ॅक्रिलिक थोडी धरून होती. दोन्हीकडे लाख होती ती टक् करून सुटली, आणि नुसत्या लाकडावरची तर उचलली तशी वर आली, पाटा ठेवला होता हेही कळलं नसतं.

इथेच माझा प्लॅन बदलला. मी तोपर्यंत काठावरचा कागद वाचवायच्याच मागे होते. पण हिशोब करून बघितला, कागद, खालचा प्रायमर, वरचे सहा कोट, आणि हे सगळं झाकणाच्या काठावरही तितकंच, म्हणजे जिथे आजीच्या वेळी लाकडावर लाकूड बसत होतं तिथे मी जवळजवळ अर्धा मिलिमीटर माल भरला होता. त्यात पावसाने साग फुगलेला. झाकण बसत नव्हतं, मी ते दाबून बसवत होते. मग ठरवलं की दोन्ही काठांवर कागद नकोच. मास्किंग टेप लावून, नव्या ब्लेडने कडेपासून तीन मिलिमीटर आत रेघ मारली आणि तिच्या वरचं सगळं १२० च्या आणि मग २२० च्या पॉलिशपेपरने उतरवलं. खालून सागाचा तो तपकिरी-सोनेरी रंग निघाला आणि खणाच्या लालच्या वर ती बारीक पट्टी अशी दिसायला लागली की जणू चोळीलाच काठ आहे. ठरवून केलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं. फाटलेला तुकडा बराचसा या पट्टीतच गेला, नखाएवढा खाली उरला तिथे नवीन प्रिंटचा तुकडा लावला. तुकडा कात्रीने कापायचा नाही, बोटाने फाडायचा, फाटलेली कड पातळ होत जाते आणि जोड दिसत नाही. मी बहिणीला शोधायला सांगितलं, तिला सापडला नाही.

आता लाख. आमच्या सुतारदादांकडून चपडी आणली, म्हणजे लाखेचे सुके पापुद्रे. पहिल्या हाताला १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम, पुढच्या दोन हातांना २५ ग्रॅम. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायची, मधून मधून हलवायची, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची. खाली गढूळ थर बसतो तो लाखेतलं नैसर्गिक मेण, तो घ्यायचा नाही, वरचं निवळ तेवढंच घ्यायचं, कारण मेणवाल्या लाखेवर पाण्याचं व्हार्निश नीट धरत नाही. आणि हे सगळं करताना देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती काहीही जवळ नको, स्पिरिटची वाफ भडकते.

पहिला हात दिला आणि पाच मिनिटांत पट्टी पांढुरकी झाली! धुकं आल्यासारखी. खरंच रडू आलं. सुतारदादांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, पावसाची झड चालू असताना मारलंत ना? स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतलं पाणी त्यावर बसतं. दुपारी उघडीप मिळाली की मारा, आणि एकदा फिरवलेला हात परत फिरवू नका.’ तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. फडक्यावर थोडं नुसतं स्पिरिट घेऊन पांढरेपणावरून एकदाच फिरवलं, तो विरघळून गेला, आणि मग एक तासाच्या अंतराने दोन हात दिले. लाखेचा हा मोठा गुण आहे, नवीन हात जुन्यात विरघळून एक होतो, अ‍ॅक्रिलिकसारखे थरावर थर राहत नाहीत.

एक दिवस खिडकीत ठेवून स्पिरिटचा वास पूर्ण गेल्यावरच पेटी उघडी करून लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली, आणि तिथे ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला. कोकणात पावसाळ्यात साड्यांना बुरशी लागू नये म्हणून जे करतात तेच, पेटीपासून हातभर लांब, कापडं बाजूला काढून. बाहेर ९० आणि कपाटात ५८, मीटर आत ठेवूनच बघत होते. बाकीच्या अंगावरचं अ‍ॅक्रिलिकही तिथेच पिकलं, आता नख दाबलं तर ठसा उठत नाही. काल रात्री झाकण लावलं, वर पाटा ठेवला, आणि आज सकाळचं तुम्हाला सांगितलंच.

अजून एक गोष्ट यातून कळली. सागावर पांढरा प्रायमर मारला की पिवळे डाग वर येतात ही आपल्या इथली जुनीच तक्रार, मी तर चार चार कोट मारून ते झाकत होते. टेस्टच्या वेळी सागाच्या एका तुकड्यावर आधी पातळ लाख आणि मग प्रायमर मारून ठेवला होता, आज दहा दिवस झाले, डाग नाही. म्हणजे पुढच्या वेळी लाकूड कुठलंही असो, पहिला हात लाखेचा.

झाकणाच्या आतही कागद लावायचा असं तुम्हाला सांगितलं होतं, त्यासाठी पुण्याच्या हातकागद संस्थेतला, १९४० सालापासून चालू असलेल्या त्या शिवाजीनगरच्या संस्थेतला, फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद आणून पण ठेवला होता. फार सुंदर कागद आहे, जाड आहे, वळणाला चालत नाही पण सपाट भागाला त्याच्यासारखा नाही. पण आज झाकण उघडल्यावर आत बघितलं आणि ठरवलं की आत काहीच करायचं नाही. करंड्याच्या कप्प्यात कुंकवाचा डाग आहे, पुराच्या पाण्यानेही न गेलेला, लाकडाच्या रेषांमध्ये उतरलेला, आणि आरशाच्या चौकटीला डाव्या बाजूला आजीचा अंगठा टेकून टेकून लाकूड गुळगुळीत आणि काळं झालंय. त्याच्यावर कागद लावायला माझा हात धजणार नाही. तो कागद आता आईच्या शिवणाच्या डब्याला.

हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. खणाच्या प्रिंटचे बरेच तुकडे उरलेत, त्यांच्या गोल चकत्या कापून, चार चार थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वरून लाख देऊन गंजिफासारख्या करता येतील का? गौरींच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला एकेक देता येईल. गरम भांडं ठेवायला लाख चालणार नाही, उष्णतेने मऊ होते, पण नुसती ठेवायची वस्तू म्हणून चालेल. चिंचोके भाजून, सालं काढून, दळून शिजवायचे एवढं माहीत आहे. कोणी केलंय का घरी? पाणी किती घेतलंत आणि खळीला बुरशी लागू नये म्हणून काय घातलंत ते नक्की लिहा, शनिवारी चिंचोके भाजायला घेतेय.